टोपीखालचं कपाळ

दार वाजलं की माणसाच्या आधी मला त्याच्या हातातली पिशवी दिसते. कापडदुकानाची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो, वरून रबर. पिशवी छातीशी धरलेली असेल तर घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं. काखेत मारलेली असेल तर वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं असतं आणि काम घाईचं असतं. पिशवीच नसेल, नुसता मोबाईल हातात असेल, तर नातू आलेला असतो.

बेळगावच्या शहापुरात माझी खोली आहे. पूर्वी तिथं हातमाग होता. विणकर पाय सोडून बसायचा तो खड्डा अजून आहे. त्यावर फळ्या टाकून मी इझल उभं केलंय. भरभर मागे सरकून चित्र बघायची सवय असल्यामुळं एका फळीचा आवाज बायकोला स्वयंपाकघरात पाठ झालाय. फळी वाजली नाही की तिला कळतं, मी काम करत नाहीये, खिडकीतून बाहेर बघतोय. ती साड्यांना फॉल-पिको करते. शिलाई यंत्र थांबवून तिथूनच म्हणते, "अहो, चेहरा संपवा आधी. झाडावर घर चालत नाही."

खरं आहे ते. एकतीस वर्षं घर चाललं ते चेहऱ्यांवर. त्यातही जिवंत माणसांचे चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. समोर खुर्चीत बसवून, तासतासभर न्याहाळून व्यक्तिचित्र करायचं ही चैन आमच्या गिऱ्हाइकाला परवडत नाही, आणि सुचतही नाही. माणूस असतो तोवर त्याचं चित्र कशाला हवं? तो गेल्यावर भिंतीवर जागा रिकामी दिसते, मग लोक पेंटरकडे येतात. अधूनमधून शाळा-सोसायट्यांची तैलचित्रं असतात. शिवाजी महाराज, शाहू महाराज, बाबासाहेब, बसवण्णा. पूर्वी दुकानांच्या पाट्या होत्या. फ्लेक्स आला आणि पाट्या एका वर्षात गेल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. एकाच पाटीवर मराठी आणि कन्नड अक्षरं लहान-मोठी किती, यावरून आमच्याकडं काय काय होतं ते इथला वाचक जाणतो, बाहेरच्याला सांगून समजणार नाही.

फोटोंचं एक वेगळंच आहे. पूर्वी स्टुडिओतला फोटो यायचा. मागं रंगवलेला पडदा, शेजारी उंच स्टुलावर कागदी फुलं, आणि माणूस असा बसलेला की जणू त्याला अटक झालीय. पण त्या फोटोग्राफरला उजेड कळायचा. एका बाजूनं दिवा, दुसऱ्या बाजूला हलकी सावली, त्यामुळं नाकाला नाकपण यायचं. आता आधार कार्डावरचा फोटो येतो. आधारवरचा माणूस त्याचा त्यालाच ओळखू येत नाही, मला कुठून यायला? समोरून सपाट उजेड पडला की नाक गालात विरघळतं, डोळ्यांच्या खोबण्या भरून निघतात. नाहीतर मग लग्नातला घोळका येतो. चौथ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआडून अर्धा चेहरा. "हे आमचे बाबा. उरलेले तुम्ही करा."

उरलेले बाबा मी प्रश्न विचारून करतो. पान खात होते का? दाढी रोज करायचे की बाजाराच्या दिवशी? चष्मा नाकावर की कपाळावर? बोलताना ओठ कुठल्या बाजूला जायचा? कान दाखवणारा एखादा फोटो आहे का? कान कुणाच्या लक्षात नसतात, आणि चुकले तर सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, काय ते सांगता येत नाही. मग ते म्हणतात, "डोळे जरा जमले नाहीत."

आणि टोपी. शेतकरी माणूस असेल तर मी आधी टोपीचं विचारतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी टोपी काढली की कपाळावर एक सरळ रेघ दिसते. खाली उन्हानं भाजलेला चेहरा, वर लहान मुलासारखं कोवळं, फिकट कपाळ. आयुष्यभर त्या जागेला ऊन लागलेलं नसतं. फोटोत टोपी असते, पण घरच्यांना आठवतं ते जेवायला बसताना टोपी काढून शेजारी ठेवणारं माणूस. एकदा एका मुलानं हट्ट धरला, बाबा टोपीशिवाय काढा. काढले. कपाळ फिकट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "होय की, असंच होतं." दुसऱ्या दिवशी त्याचा चुलता आला. "कपाळाला रंग द्यायचा राहिलाय की हो पेंटर." मी वाद घातला नाही. थोडा तांबूस हात फिरवून दिला. त्या मुलानं पुन्हा कधी माझ्याकडं बघितलं नाही.

रंग गोरा करण्याची मागणी तर भाषा ओलांडून जाते. मराठी माणूस म्हणतो, "जरा उजळ करा." बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक म्हणतं, "स्वल्प बेळ्ळग माड्रि." सीमाप्रश्न साठ-सत्तर वर्षं भिजत पडलाय, पण या एका बाबतीत दोन्हीकडचे एकमतानं माझ्या अंगावर येतात. कुंकवाचं मात्र मला कुणी सांगावं लागत नाही, मीच विचारतो. सवाष्ण गेल्या की मागाहून? यात चूक करून चालत नाही. इरकलीचा पदर कुठल्या खांद्यावर, विभूतीच्या रेघा कशा, गळ्यात इष्टलिंग आहे की तुळशीमाळ, हे सगळं विचारून घेतो. चेहरा दहा टक्के चुकलेला चालतो. मंगळसूत्राच्या वाट्या चुकलेल्या चालत नाहीत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नवरा-बायकोला एका चित्रात आणणं. एक घर आलं होतं. आई अडतिसाव्या वर्षी गेलेली, वडील एक्क्याऐंशीव्या. आईचा एकच फोटो, चौतिशीतला, उजेड डावीकडून. वडिलांचा शेवटच्या वर्षातला, उजेड उजवीकडून. दोघं शेजारी बसवली तर खोलीत दोन सूर्य होतात आणि बायको नात दिसायला लागते. उजेडाचं मला करता आलं. वडिलांच्या चेहऱ्यावरची सावली उलटवली, त्यासाठी आरशासमोर बसून माझ्याच तोंडाचा अभ्यास केला. वयाचं काय करायचं? थोरला म्हणाला, आईला म्हातारी करा. केली. केस पिकवले, गालाखाली थोडी सैल सुटलेली त्वचा दिली, डोळ्यांभोवती जाळं. मुलगी बघायला आली आणि दारातच म्हणाली, "ही आमची मोठी मावशी."

बरोबरच होतं. बहिणी त्या. म्हातारपणी एकमेकींसारख्या झाल्या असत्याच. पण त्यांना मावशी नको होती.

शेवटी मी आईला चौतिशीतच ठेवलं आणि वडिलांना पंचेचाळिशीत आणलं. केस काळे, मान भरलेली, मिशी जाड. अंदाजानं. सगळ्यांना पटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की पटणारच होतं, कारण वडिलांच्या पंचेचाळिशीचा साक्षीदार त्या घरात कुणी उरलाच नव्हता. मुलं तेव्हा लहान होती. त्यांनी माझं ऐकलं.

हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या रात्री झोप लागली नव्हती.

बेळगावचा पाऊस आणि तैलरंग यांचं जमत नाही. जूनपासून हवा ओली. जवसाच्या तेलातला रंग वाळायचं नाव घेत नाही. अंबर त्यातल्या त्यात लवकर वाळतो, पांढरा रडवतो, आणि धोतर-टोपीला तर पांढराच लागतो. श्राद्धाची तिथी काही रंगासाठी थांबत नाही. एका ऑगस्टमध्ये मी बल्बखाली चार दिवस ठेवूनही ओलं चित्र दिलं, वरून सांगितलं की आठ दिवस हात लावू नका. त्यांनी हात लावला नाही, हार घातला. झेंडूचा. महिन्यानं हार काढला तेव्हा आजोबांच्या कोटावर झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी निघाली, पिवळी, थेट रंगात रुतलेली. फुकट दुरुस्ती करून दिली. चूक माझीच. आणि काच! किती सांगितलं तरी लोक तैलचित्राला काच बसवून घेतात. दोन पावसाळ्यांत आत बुरशी धरते. मग पिशवीतून फोटो येतो तसं चित्रच परत येतं.

आता झाडांचं सांगतो.

लँडस्केपला मी लागलो तो माझ्या ड्रॉइंगच्या मास्तरांमुळं. लोअर, हायरच्या परीक्षांना बसवणारे मास्तर. सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून रविवारी आम्हां चार पोरांना बाहेर न्यायचे. कधी कॅम्पातली मोठी झाडं, कधी किल्ल्याचा खंदक, कधी कपिलेश्वराचा परिसर. बेळगावात चित्रकलेचं बोलायचं तर के. बी. कुलकर्णींचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. रवी परांजपे याच गावचे, त्यांच्याच हाताखाली शिकलेले. आमचे मास्तर त्या परंपरेच्या कडेकडेनं चाललेले, नाव नसलेले. त्यांचं एकच सांगणं असायचं. डोळे किलकिले करा. पानं दिसायची बंद झाली की झाड दिसेल.

घरची माणसं मॉडेल म्हणून वापरायची परंपरा जुनी आहे आणि त्यामागं कला जेवढी तेवढीच काटकसर असावी. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे, हातात दिवा घेतलेली बाई. ते जलरंगातलं आहे आणि समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. मी गेलो तेव्हा माझ्या शेजारचं कुटुंब ते राजा रविवर्म्याचं म्हणून मुलांना दाखवत होतं. सावंतवाडीचा माणूस, जलरंगात असा उजेड पकडतो, आणि नाव जातं दुसऱ्याच्या खात्यावर. मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दालनात गेले. मीही घरी येऊन माझ्या मुलीला मेणबत्ती धरून उभी केली. ती तेव्हा सातवीत होती. दहा मिनिटांत म्हणाली, "बाबा, मेण सांडलंय." तो प्रयोग तिथंच संपला.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार होते आणि कोटितीर्थाच्या काठी बसून त्यांनी निसर्गचित्रं केली. मला त्यांचं नेहमी वाटतं की पाठीशी दरबार होता म्हणून कोटितीर्थ शक्य झालं. माझा दरबार म्हणजे वर्षश्राद्धं. आठवड्यात एक चेहरा उरकला की रविवार माझा.

सामान फार नसतं. जलरंगाची डबी, कागद भिजवून ताणून बसवलेला बोर्ड, तीन ब्रश, पाण्याची बाटली, घडीचं इझल आणि छत्री. स्कूटरवर मावतं. पहाटे निघालं तर अर्ध्या तासात कुठल्याही दिशेला वेगळंच जग. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, तांबडी माती, जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, आणि कणकुंबीच्या अंगाला तर पावसात समोरचं झाडही धुवून जातं. मलप्रभा तिथंच उगवते. उत्तरेकडं चिकोडी-निपाणीच्या वाटेला काळी माती, तंबाखू, ऊस, आणि आकाश एकदम उंच. गोकाकचा धबधबा मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा पडला. घटप्रभेचं ते गढूळ पाणी कागदावर आलं की चहा सांडल्यासारखं दिसतं. धबधबे मी सोडून दिले. ज्यांना येतात त्यांनी करावेत.

हलशीला मात्र वारंवार जातो. कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, आणि भोवती खेडं आपल्या उद्योगात. देवळापेक्षा मला त्याच्या शेजारी वाळत घातलेल्या गोधड्या आवडतात. तेवढाच रंग असतो तिथं.

पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चित्रं मी घरापासून दोन किलोमीटरच्या आत केली. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार. भाताचं. बासमतीसाठी बेळगाव ओळखलं जातं ते याच मातीमुळं. उन्हाळ्याच्या शेवटी धूळवाफ पेरणी होते तेव्हा सगळं शिवार राखाडी-तपकिरी, बांधांच्या रेघा तेवढ्या उठून दिसतात. पाऊस लागला की पंधरा दिवसांत पोपटी. मग कोळपणी, भांगलण, वाकलेल्या बायका आणि त्यांच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खोळ, निळी, पिवळी. बळ्ळारी नाल्याला पूर आला की पाणी शिवारात घुसतं. शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि मला आकाश दोनदा मिळतं, एकदा वर, एकदा खाली. त्या चित्रांची मला जरा लाजच वाटते. दिवाळीच्या आसपास सोनेरी, सुगीला गंजी, आणि मग उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. वर्षभरात तीच चौकट सहा वेळा कपडे बदलते. मागं येळ्ळूरचा राजहंसगड. २०२३ पासून तिथं शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, त्यामुळं आता दुरूनही टेकडीचं माप कळतं.

पावसात जलरंग करायची वेगळी मजा आहे. कागद वाळतच नाही. एप्रिलमध्ये वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला की ब्रश धुवेपर्यंत सुकतो, कडा कडक होतात. जुलैमध्ये अर्धा तास ओला. रंग आपल्या मनानं सरकत राहतो, आणि धुकं काढावं लागत नाही, आपोआप येतं. तैलरंगाला जी हवा मारते तीच जलरंगाला वाढवते. म्हणून पावसाळ्यात मी चेहऱ्यांवर चिडलेला असतो आणि शिवारात खूश.

शिवारात काय शिकलो ते चेहऱ्याला कामी आलं. मास्तरांचे किलकिले डोळे. आधारचा फोटोसुद्धा मी आधी डोळे बारीक करून बघतो. नाक, डोळे, ओठ विसरायचे. कपाळाचा उजेड कुठं संपतो, गालाखालचा काळोख कुठं गळ्याला मिळतो. लांबून येणारं आपलं माणूस आपण नाकावरून ओळखतो काय? चालण्यावरून, खांद्यावरून ओळखतो. आणि रंगाच्या ट्यूबा तर त्याच. यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना. खानापूरची माती त्यातूनच होते आणि त्या मातीतल्या माणसाचा गालही. पॅलेट पुसायची गरज पडत नाही, फक्त पांढरा थोडा जास्त.

उलटा धडाही मिळाला. वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनात मी काही वेळा निसर्गचित्रं लावली. लोक येतात, चित्रासमोर उभे राहतात आणि पहिलाच प्रश्न, "हे कुठलं?" धुकं कसं पेललंय, झाड सुटं कसं ठेवलंय, कुणी विचारत नाही. पूर्वी राग यायचा. मग एकदा एक बाई एका चित्रासमोर हळूहळू रडायलाच लागल्या. मला वाटलं, लागला आपल्या कलेचा बाण. त्या म्हणाल्या, "ही आमच्या मामाची विहीर." विहीर चित्रात होती कुठं? कोपऱ्यात एक करडा डाग. पण त्यांना कठडा दिसला, रहाट दिसला, मामाही दिसला असेल. चित्र त्यांनी घेतलं नाही. फोटो काढून नेला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

हलगा-मच्छे बायपासचं बेळगावात कुणाला सांगायला नको. पिकाऊ जमिनीतून रस्ता, शेतकऱ्यांचा विरोध, मोर्चे, कोर्ट, काम थांबणं, पुन्हा सुरू होणं. त्या वर्षांत मी एका सकाळी वडगावच्या बाजूला बांधावर इझल उघडलं. तीन पाय पसरले, बोर्ड लावला, एक डोळा मिटून ब्रशनं माप घेत होतो. लांबून चार बायका धावत आल्या. एकीच्या हातात विळा.

"ओ! मोजणी करायची नाही!"

"मोजणी नव्हे मावशी. चित्र काढूलोय."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शेवटी मी त्यांना कागद दाखवला. नुसता आकाशाचा ओला निळा वॉश होता. म्हातारी जवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात शेत कुठं हाय?" मी म्हटलं, अजून यायचंय. मग त्या चौघी तिथंच बांधावर बसल्या. शेत येईपर्यंत. विळा मांडीवर. एवढ्या लक्षानं माझं काम कुठल्याही समीक्षकानं बघितलेलं नाही. भाताचा पहिला हिरवा पडला तेव्हा म्हातारी म्हणाली, "एवढं पिवळं नाही रे आमचं." खरंच नव्हतं. मी सवयीनं पिवळं टाकलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दार वाजलं. पन्नाशीचा माणूस. हातात पिशवी, छातीशी धरलेली. मी खुर्ची सरकवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, कोण गेलं?

"कोण नाही," तो म्हणाला. पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. आत फोटो होता, जुना, रिळावरचा. एक बैलजोडी, तिच्यापुढं उभा एक मुलगा, बहुतेक तोच. मागं भाताचं रान, निम्मं कापलेलं. "हे शेत काढून पाहिजे. रस्त्यात गेलं. मोठं काढा, हॉलमध्ये बाबांच्या फोटोशेजारी लावायचं हाय."

फोटोत शेत किती होतं? बैलांच्या पायांमधून दिसेल तेवढं. मी गठ्ठे काढले. शहापूर, वडगाव, पावसाळा, सुगी, जुनी वर्षं. जमिनीवर कागद पसरले, मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्यांपासून दारापर्यंत. तो गुडघ्यांवर बसून एकेक बघायला लागला. "हे नव्हे. हे पलीकडचं. हे... थांबा." त्यानं बोट ठेवलं. चौदा वर्षांपूर्वीचं चित्र. मी तिथं बसलो होतो कारण एका आंब्याची सावली बरी होती. शेत कुणाचं, मला काय माहीत. उजव्या कडेला एका बांधावर कुणीतरी उभं, पाठमोरं, फटकाऱ्यासरशी काढलेलं, अर्ध्या बोटाएवढं. डोक्यावर पांढरा ठिपका.

"बाबा," तो म्हणाला.

मी म्हटलं, कशावरून? चेहरा नाही, काही नाही. कुणीही असेल. म्हणाला, "हात मागं धरलाय बघा. डावा हात उजव्या कोपराला. कंबर दुखायची." मी चष्मा लावून बघितलं. होता तसा हात. मी तो मुद्दाम काढला होता की ब्रश तसा वळला होता, हे मला आज सांगता यायचं नाही.

मग चेहऱ्यासारखंच सगळं सुरू झालं. तेच प्रश्न मी विचारले. विहीर कुठल्या कोपऱ्यात? आंब्याला फांद्या किती? पाणी कुठून कुठं जायचं? मसूर घालायचा की वाटाणा? दुसऱ्या रविवारी त्याचा भाऊ आला आणि दोघांत भांडण लागलं. एक म्हणे खोपटं पूर्वेला, दुसरा म्हणे तू लहान होतास, तुला काय माहीत. कोणत्या महिन्यातलं शेत काढायचं यावर तर तास गेला. धाकट्याला पोपटी पाहिजे होतं, थोरल्याला सुगीचं. "जरा उजळ करा" हेही आलंच. मी सुगीच्या आधीचा आठवडा धरला, दाणा भरलेला पण अजून हिरवी झाक शिल्लक. कॅनव्हास तीन फूट बाय दोन, तैलरंग. म्हातारा बांधावरच ठेवला, पाठमोरा, तेवढाच लहान. थोरला म्हणाला, जरा मोठे करा, ओळखू यायला पाहिजेत. या वेळी मात्र मी ऐकलं नाही.

बायकोनं विचारलं, याचा हिशोब कसा लावायचा, चेहऱ्याचा दर की झाडाचा? मी म्हटलं, चेहऱ्याचा. तिनं वहीत चेहऱ्यांच्या पानावरच लिहिलं. तारीख, अर्धी रक्कम आगाऊ, आणि नावाच्या जागी 'शेत'.

चित्र द्यायला मी स्वतः गेलो. डिसेंबर होता, रंग नीट वाळलेला. काच लावू नका म्हणून सांगितलं. हॉलमध्ये भिंतीवर म्हाताऱ्याचा फोटो, स्टुडिओतला, टोपी घट्ट बसवलेली. शेजारी खिळा मारून ठेवलेला. चित्र टांगलं. घरातली सगळी जमली, शेजारचीही. आतून त्यांची आई आली, काठी टेकत. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला खुर्ची दिली, चित्र खाली उतरवून समोर धरलं. ती बोटानं कडेकडेनं गेली. विहीर. आंबा. पाट. म्हाताऱ्याच्या पाठीपाशी बोट जरा वेळ थांबलं आणि पुढं गेलं.

"बांध आत घेतलास की रे," ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्याशी बोलत नसेल.

"हा बांध. एक हात आत आलाय. आमचा इकडनं होता. वाटणीच्या टायमाला त्यांनी सरकवला, ह्यांनी दोन वर्षं भांडून परत जागेवर घालून घेतला."

थोरला हसायला लागला. "आई, आता रस्ता झालाय तिथं. कुणाचा बांध नि कुणाचं काय."

"रस्ता होऊ दे. चित्रात कशाला सोडायचा?"

मी चित्र परत घेऊन आलो. रंग पक्का वाळला होता, त्यामुळं जुना बांध खरवडून काढावा लागला. खालून कॅनव्हास उघडा पडला, त्यावर दोन दिवस थर दिले. मग नवा बांध ओढला, ब्रशच्या एका रुंदीनं बाहेर. शेजारच्याच्या शेतात.